हिरव्या वहीतलं आभाळ

आक्का, आधी सगळं ऐकून घे. मधे बोलायचं नाही. जन्मभर तू मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीस, आज तरी गप बस.

काल तुझा तेरावा झाला. सोयगावहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. कुणी म्हणालं, बाई लई हुशार होत्या. कुणी म्हणालं, बाईंच्या गच्चीवर एक मशीन आहे, त्यात ताऱ्यांचा आवाज येतो. मी काही दुरुस्ती करायला गेलो नाही. तू असतीस तर पंगतीत उभी राहून त्या माणसाला फिजिक्स शिकवलं असतंस आणि त्याच्या पानातली जिलेबी तशीच राहिली असती.

मला घास उतरला नाही. सगळ्यांना वाटलं, बहिणीच्या दुःखानं. तुझ्याशी कशाला खोटं बोलू, मला चार वाजायची भीती वाटत होती. चार वाजता सबा येणार होती, दोन्ही वह्या न्यायला. तुझी सबा, तुझ्या हाताखाली शिकलेली आणि आता तुझ्याच कॉलेजात शिकवणारी. तुझा तो लेख, विश्वकिरण वाढले की आपल्या आभाळात ढग वाढतात असं सांगणारा, ती येत्या सोमवारी पुण्याच्या परिषदेत वाचणार होती, तुझ्या नावानं. मुक्ता तो छापून आणणार होती, आईची आठवण म्हणून. लाल वही तुझी, किरणांची. हिरवी माझी, ढगांची. आणि त्या हिरव्या वहीतली दोन वर्षं मी बिघडवलेली आहेत, आक्का. हे मला तुला तोंडानं सांगायचं होतं. राहिलं.

तुला आठवतं का, पहिल्यांदा तू मला हे सगळं कसं गळ्यात मारलंस? मी चितेगावच्या कारखान्यातून दमून आलो होतो, डबासुद्धा हातात होता. तू म्हणालीस, "दत्त्या, हात पुढं कर. तळहात वर." मला वाटलं, प्रसाद देतेस. मी हात केला. तू घड्याळाकडं बघत म्हणालीस, "हा गेला एक. हा आणखी एक." मी म्हणालो, "काय गेलं?" तर म्हणे, कुठल्या तरी फुटलेल्या ताऱ्याकडून निघालेला कण वर हवेवर आपटला, त्याचे तुकडे खाली आले आणि त्यातला एक माझ्या हातातून, फरशीतून, जमिनीत गेला. सेकंदाला एखादा-दुसरा, दिवसरात्र, सगळ्यांच्या हातातून. हेच ते विश्वकिरण.

मी म्हणालो, "मला काही लागलं नाही."

"लागणार कसं? तुझी कातडी जाड आहे."

मग सूर्याचं सांगितलंस. सूर्याच्या अंगावर डाग उठले, तो चवताळला, की त्याचा वारा जोरात सुटतो आणि हे बाहेरचे कण बाहेरच अडवतो. सूर्य निवांत असला की फाटक उघडं, कण जास्त येतात. असं अकरा-एक वर्षांचं चक्र. इथपर्यंत जगात कुणाचं भांडण नाही. भांडण पुढं आहे. काही शास्त्रज्ञ म्हणतात, हे कण हवेत विजेचा भार सोडत जातात, त्याच्या आधारानं बारीक रजकण एकमेकांना चिकटतात, त्यांच्यावर पाणी धरतं आणि ढग होतो. म्हणजे सूर्याची मर्जी आपल्या पावसापाण्यापर्यंत पोचते. बाकीचे म्हणतात, पोचत असली तरी नावापुरती. तू म्हणालीस, "आपण आपल्या गच्चीवरून बघू." पुंडलिकनगरच्या गच्चीवरून! लोक तिथं पापड वाळवतात.

मशीन मी बांधलं. हे मात्र तू सगळ्यांना सांगायचीस, त्याबद्दल तक्रार नाही. कारखान्यात मीटर आणि गेज दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, पण असलं काम कुणी दिलं नव्हतं. कण आतून गेला की वाजणाऱ्या एकाखाली एक दोन नळ्या, मधे भंगारातून आणलेली शिशाची जाड पाटी आणि अट अशी की दोन्ही नळ्या एकाच क्षणी वाजल्या तरच मोजायचं. टक. टक टक. टक. दाजी खालून ओरडले, "अहो, तुमचा टकटक्या जेवायला येणार का?" तेव्हापासून त्याचं नाव टकटक्या. दाजींना त्यातलं काही कळत नव्हतं, पण लाइट गेली की बॅटरीकडं पहिले तेच धावायचे.

आणि मग तुझा तो नियम. जिन्यावरच्या खोलीत टकटक्या, दार बंद. दाराच्या काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवलेलं. मी सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला गच्चीवर जायचं, आभाळाचे मनात आठ भाग करायचे, किती भाग झाकलेत ते हिरव्या वहीत लिहायचं. मी खाली उतरलो की नऊ वाजता तू वर जायचीस, आदल्या दिवसाची बेरीज लाल वहीत उतरवायचीस. ढग बघणाऱ्यानं आकडा बघायचा नाही, आकडा बघणाऱ्यानं ढग लिहायचे नाहीत. महिन्याच्या एक तारखेला चहा ठेवून दोन्ही वह्या समोरासमोर उघडायच्या. तेरा वर्षांत कितीदा भांडलो, पण एक तारीख चुकली नाही.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं होतं, "आक्का, साडेतीन भाग असले तर काय लिहू? विरळ असतात, ढग म्हणावं का धुरकट म्हणावं, कळत नाही. 'नक्की नाही' असा एक खाना ठेवू का?"

"अजिबात नाही. आभाळाला काठावर पास करायचं नाही. तीन का चार, ठरव आणि लिही. तुझ्या डोळ्यावर माझा भरवसा आहे."

तिथंच पाणी मुरलं बघ. दोष तुझ्यावर ढकलत नाही. पण तो एक खाना दिला असतास तर मला लबाडीला जागा राहिली नसती.

आपली भांडणं आख्ख्या गल्लीला माहीत होती. मी म्हणायचो, हवेचा भार उतरला की वरून कण जास्त पोचतात, आणि भार उतरतो तेव्हाच ढगही गोळा होतात. मग कणांनी ढग आणले कशावरून? दोघांनाही हवेनंच आणलं असेल. तू म्हणायचीस, "माहितीय मला, लई शहाणा. म्हणून तर रोज भारमापक बघून आकडा सुधारते ना." मी म्हणायचो, आपल्याकडं धूळ काय कमी आहे का, धूर काय कमी आहे का? पाण्याला धरायला इथं रजकणच रजकण, त्यात तुझे ताऱ्यांचे चार कण काय भर घालणार? तू म्हणायचीस, समुद्रावरच्या स्वच्छ हवेत घालत असतील. मी म्हणायचो, मग समुद्रावर जाऊन राहा. तू कप आपटून आत जायचीस. दाजी मला डोळा मारायचे आणि तुझा उरलेला चहा पिऊन टाकायचे.

पहिली काही वर्षं वह्या जुळल्याच नाहीत. किरण वाढले की ढग कधी जरा वर, कधी जरा खाली. तुला फारसं वाईट वाटायचं नाही. "धीर धर, दत्त्या. सूर्याला घाई नाही."

मग करोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात दाजी गेले.

त्या दिवसांवर मी जास्त लिहीत नाही, तुला आवडायचं नाही. एवढंच की तू बोलेनाशी झालीस. मुक्ताला येता येत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या आमच्या घरातून वर डबा जायचा, तो अर्धा परत यायचा. पण नऊ वाजता तू जिना चढायचीस आणि लाल वही लिहायचीस. त्या महिन्याच्या एक तारखेला आपण वह्या उघडल्या. काही जुळलं नाही. तू पेन खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "सगळं वायाच गेलं म्हणायचं." टकटक्याबद्दल नव्हतं ते. मला कळत होतं, टकटक्याबद्दल नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो. खोलीच्या काचेवरचं वर्तमानपत्र एका कोपऱ्याला फाटलेलं होतं. किती दिवसांपासून फाटलं होतं, देव जाणे. त्या दिवशी मी वाकलो आणि आत बघितलं. टकटक्याच्या डिस्प्लेवर लाल आकडे होते, आदल्या दिवसाची बेरीज. गेल्या महिन्याची सरासरी मला पाठ होती. आकडा सरासरीच्या वर होता. मी आभाळाकडं बघितलं. साडेतीन होतं. मी चार लिहिलं.

बस. एवढंच. दोन असताना सहा कधी लिहिलं नाही, आक्का, दाजींची शपथ. जिथं खरंच ठरत नव्हतं तिथं आकड्याच्या बाजूला झुकलो. आकडा वर असला की चार, खाली असला की तीन. पण मराठवाड्याच्या आभाळात न ठरणारे दिवस किती असतात ते मला तेव्हा कुठं माहीत होतं!

पुढच्या एक तारखेला वह्या जुळल्या. थोड्याशाच. तू चष्मा पुसलास, परत बेरीज केलीस, आणि म्हणालीस, "दत्त्या, वहिनीला सांग, आज मी खाली येते जेवायला." वहिनी म्हणजे माझी बायको, तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण तू तिला वहिनीच म्हणायचीस. त्या दिवशी तू दोन भाकरी खाल्ल्यास. ठेचा मागून घेतलास. मी बघत होतो. मला वाटलं, एवढ्यानं माणूस जेवत असेल तर आभाळाचा अर्धा भाग गेला खड्ड्यात. हेच वाटलं. अजूनही त्याची पुरती लाज वाटत नाही, हीच पंचाईत आहे.

एक महिना म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. तू माणसात आलीस. आणि आल्याबरोबर लेख लिहायला बसलीस! तेव्हा माझी तंतरली. मग मी जास्त भांडायला लागलो. तुला वाटायचं, दत्त्या हट्टी आहे. मी हट्टी नव्हतो, घाबरलेलो होतो. वाटायचं, भांडून भांडून तुझ्या डोक्यातून हे काढलं तर मला कबूल करावं लागणार नाही. मी म्हणालो, दोन वर्षांचं काय घेऊन बसलीस, योगायोग असेल. मी म्हणालो, लोक हसतील. एकदा तर म्हणालो, "तू दाजींच्या दुःखातनं हे उभं केलंस." फार वाईट बोललो. तू आठ दिवस बोलली नाहीस माझ्याशी.

नवव्या दिवशी मला वर बोलावलंस आणि लेखातलं एक वाक्य वाचून दाखवलंस. "ढगांची नोंद ठेवणारे माझे बंधू या कल्पनेचे कडवे विरोधक आहेत. त्यामुळे त्यांच्या नोंदींत माझ्या बाजूचा कल शिरला असण्याची शक्यता नाही." वाचून माझ्याकडं बघितलंस आणि हसलीस. "बघ, तुझ्या भांडकुदळपणाचाही उपयोग झाला."

तेव्हा सांगायला हवं होतं. तुझ्या खोलीत, पंख्याखाली, तूही होतीस, मीही होतो. मी म्हणालो, "कडवे काढ, नुसतं विरोधक ठेव." तू म्हणालीस, "नाही, कडवेच."

त्यानंतर मी काचेवर नवीन वर्तमानपत्र चिकटवलं, चारी कोपऱ्यांना डिंक लावून. परत कधी बघितलं नाही. मग तो मे महिना आला, लडाखकडं आकाश लाल झालं तो. सूर्यानं मोठी उसळी मारली आणि तू नऊ वाजता जिन्यावरून ओरडत उतरलीस, "उतरला! आकडा उतरला! सूर्यानं झाडू मारला रे!" त्या वयात तू दोन दोन पायऱ्या उतरत होतीस, मला धडकी भरली. तुझ्या म्हणण्याप्रमाणं आता ढग कमी व्हायला हवे होते. मी खरं तेच लिहिलं. आकडा उतरलेले दोन्ही दिवस, आठापैकी सात. वळवाचे ढग, काळे, जड. तू एक तारखेला ते बघितलंस. "एका घटनेनं काही ठरत नाही," म्हणालीस, पण पुढचे महिनेही जुळेनात.

आणि मग एका दुपारी तू सरळ विचारलंस. "दत्त्या, त्या दोन वर्षांत असं काय होतं, जे आता नाही?"

तू डोळ्यात बघून विचारत होतीस. विद्यार्थ्याला विचारावं तसं, उत्तर काढूनच सोडायचं अशा बेतानं. मी म्हणालो, "नळ्या जुन्या झाल्या असतील. बदलून टाकू." आणि बदलल्या, आक्का. ठणठणीत नळ्या होत्या. चालू मशीन उघडून त्याचे चांगले पार्ट काढले, स्वतःची लबाडी झाकायला. चितेगावला कुण्या हेल्परनं असं केलं असतं तर मी त्याला गेटबाहेर काढलं असतं. तू शेजारी टॉर्च धरून उभी होतीस. म्हणालीस, "तू आहेस म्हणून बरंय रे."

शेवटी दवाखान्यात. त्या दिवशी मी ठरवून आलो होतो. घरून निघतानाच ठरवलं होतं, आज सांगायचंच. पूर्ण रस्ता वाक्य जुळवत होतो. गाडी तळघरात लावली, लिफ्टनं वर आलो, तुझ्या खाटेशी बसलो. खिडकीला पडदा होता. मी म्हणालो, "आक्का, एक बोलायचंय." तू डोळे न उघडता विचारलंस, "आज किती?"

मी वर बघितलंच नव्हतं. सकाळपासून एकदाही नाही.

"पाच," मी म्हणालो.

"उंच का बुटके?"

"उंच."

"छान," तू म्हणालीस. तेच शेवटचं. नर्स आली, मला बाहेर काढलं. मी जुळवलेलं वाक्य घेऊन व्हरांड्यात बसून राहिलो.

काल चारला सबा आली. पाहुणे पांगले होते. मुक्तानं दोन्ही वह्या कापडी पिशवीत घालून टेबलावर ठेवल्या होत्या. सबानं तुझ्या फोटोसमोर दोन मिनिटं तळहात वर धरून प्रार्थना केली, डोळे पुसले, आणि पिशवी उचलली. मी म्हणालो, "सबा, बस जरा." आणि सांगितलं. आत्ता तुला सांगितलं तसंच, काचेच्या कोपऱ्यापासून.

"क्या बोलरे मामा तुम?" ती म्हणाली. मग मराठीत, हळू आवाजात, "मजाक करताय का?"

"नाही."

"कुठले दिवस? सांगा, ते दिवस काढून टाकते."

"नाही सांगता येणार. दोन वर्षं पसरलेत. कुठं खरं लिहिलं, कुठं झुकलो, मलाच आठवत नाही."

मुक्ता उठून उभी राहिली. तिचा चेहरा तुझ्यासारखाच झाला, कप आपटायच्या आधीचा. "मामा, तेरा दिवस थांबलास. आणखी तेरा वर्षं थांबला असतास तर काय बिघडलं असतं? आज आईचा तेरावा आहे." ती आत गेली आणि दार लावून घेतलं. तिचं रडणं ऐकू येत होतं.

सबानं लॅपटॉप उघडला, लेखासाठी भरलेले आकडे त्यात होतेच. ती दोन वर्षं काढून बाकीची तिनं परत जुळवली. किती वेळ गेला कळलं नाही. मग स्क्रीन माझ्याकडं फिरवली. "काहीच नाही, मामा. सीधी लकीर. ढगांचा आणि किरणांचा काही संबंध नाही. निदान इथल्या गच्चीवरून तरी नाही." तिनं लेखातलं ते कडव्या विरोधकाचं वाक्य शोधलं आणि माझ्यासमोर खोडलं. "मॅडमनी तुमच्या भरवशावर लिहिलं होतं हे. आणि आता बाकीची वर्षं तरी खरी कशावरून, असं कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

याचं उत्तर आहे का तुझ्याकडं?

ती जायला उठली आणि परत बसली. तुझीच शिष्या, अर्धवट सोडवत नाही. म्हणाली, "लाल वही एकटी बघते." महिन्याची सरासरी काढत, एकेक ठिपका टाकत गेली. मी चष्मा लावून शेजारी बसलो. ठिपके आधी खाली होते, मग वर्षागणिक चढत गेले, करोनाच्या सुमाराला सगळ्यात वर, मग पुन्हा उतरायला लागले. उंची फार नाही. पण लाट होती. सबानं तोंडावर हात ठेवला. "मामा, ये देखो. सूर्य आहे हा. पूर्ण चक्कर."

तेरा वर्षं मी ढगांवरनं तुझ्याशी भांडत बसलो. लाल वहीकडं एकदाही नीट बघितलं नाही. भंगारातलं शिसं आणि माझ्या हातच्या दोन नळ्या घेऊन तू पापडांच्या शेजारी बसून सूर्याचा श्वास मोजलास, आणि मी तुला कधी शाबास म्हणालो नाही. शाबास, आक्का. आता म्हणतो, मेला मी आता म्हणतो.

पण सबाचं बोट एका जागी थांबलं. "इथं एकदम पायरी का आहे? मे महिन्याच्या नंतर."

"नळ्या बदलल्या मी."

"का? खराब होत्या?"

"नव्हत्या," मी म्हणालो, आणि तेही सांगितलं. हे पहिल्यापेक्षा जड गेलं. पहिलं निदान तुझ्यासाठी केलं होतं. हे माझ्यासाठी केलं होतं.

तिनं पायरीची तारीख टिपून घेतली. मग विचारलं, "जुन्या नळ्या फेकल्या?"

"मी चितेगावला तीस वर्षं काढलीत, सबा. चालू पार्ट कुणी फेकतं का? कपाटात आहेत, कापसात गुंडाळून."

"मग त्या लावा. नव्यांच्या शेजारी, दोन्ही एकदम. वर्षभर चालवू. फरक किती तो कळला तर पायरी काढता येईल. कळला तर," ती म्हणाली. "नाहीतर हेही जाईल." पुण्याला ती जाणार नाही असं तिनं तिथूनच फोन करून कळवलं. लाल वही पिशवीत घातली. हिरवी माझ्यासमोर ठेवली. "ही तुमच्याकडंच राहू द्या, मामा." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मुक्ता तिला सोडायला बाहेर आली, माझ्याकडं न बघता.

आज सकाळी मुक्तानं माझ्या पुढ्यात चहा ठेवला. बोलली नाही, पण ठेवला. तो पिऊन जुन्या नळ्या घेऊन वर गेलो. टकटक्या चालूच आहे, तू गेलीस त्या दिवशीही चालू होता. दुपारी नळ्या बसवतो. साडेआठला गच्चीवर उभा राहिलो. पूर्वेला विरळ पांढरं होतं, ढग म्हणावं का धुरकट म्हणावं, कळेना. साडेतीन. हिरवी वही उघडली आणि शेवटी एक नवीन खाना आखला. त्यात लिहिलं, नक्की नाही. तू चिडशील. चीड.

मग पानं मागं उलटली. दवाखान्याच्या त्या तारखेला माझ्याच अक्षरात आहे, सकाळी साडेआठ, पाच, उंच. त्या संध्याकाळी घरी येऊन मी ते वहीतही लिहून ठेवलं होतं, तुला सांगितलेलं खोटं पडू नये म्हणून. त्यावर एक रेघ मारली. नवीन खाना त्या पानावर नव्हता, म्हणून समासात लिहिलं. बघितलं नव्हतं. आणि खाली सही केली.